खानवेलच्या बंगल्यातला शेवटचा फोटो

नवऱ्याच्या शाळेच्या नोकरीमुळे सिल्वासाला आले आणि कॅमेरा मी आपली आपणच शिकले. तेव्हाचीच गोष्ट. खानवेलजवळच्या पोर्तुगीज काळातल्या सरकारी बंगल्यात राखणदाराच्या मुलीचं लग्न होतं, वारली पद्धतीचं. तिच्या आईने एकच मागितलं, “बाई, चौकापुढे पोरीचा फोटू काढ. लग्न झालं की भिंतीला सरकारी चुना लागेल.”

तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेल्या त्या चौकातल्या देवीवर कापड होतं. लग्न लावणारी धवलेरी म्हातारी आल्याशिवाय ते निघणार नव्हतं, आणि तिला कसली घाई! सगळे निवांत ताडी पीत बसलेले. मी आपली हौसेने फोटो काढत सुटले. कापड निघालं तेव्हा रोलमध्ये एकच उरला होता. बटण दाबलं आणि आई नेमकी पोरीचा पदर सारखा करायला मध्ये आली.

फोटो द्यायला गेले तेव्हा भिंत पांढरीफटक झालेली. फोटोत नवरी होती, पण देवीच्या जागी आईची पाठ! मला तर रडूच यायला लागलं. आईने फोटो निरखला आणि म्हणाली, “बरं झालं की बाई! देवीला बारा महिने उघडं ठेवायचं नसतं. आता घरात लावता येईल.”