निष्काळजी पालक

पीएचडी झाली तरी माझं शिकणं संपलं नव्हतं. लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करण्यात आमच्या मुंबईच्या हॉस्पिटलातल्या सरांचा हात धरणारं कोणी नाही, हे मी आजही कबूल करते. पण माझं संशोधन त्यापुढचं होतं. ती मुलं मोठी झाली की त्यांची हृदयं कशी चालतात, ते बघायचं. कोकणातली बरीच मुलं तपासणीला पुन्हा फिरकलीच नव्हती, आणि त्यांच्या नावापुढे सर मला एकच कारण लिहायला लावायचे: पालकांचा निष्काळजीपणा.

"पण सर, त्या पालकांना कोणी विचारलंय का?"

"मग जा की विचारायला," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "तेवढाच समुद्र बघून येशील."

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी मुरुडची एसटी पकडली.

काशीदच्या पुढे उतरले. ज्या मुलीला शोधत होते ती तान्ही असताना रडली की निळी पडायची. सरांनी तिच्या हृदयातलं भोक बुजवलं होतं, फुफ्फुसाकडे जाणारी रक्ताची वाट मोठी केली होती. आता ती लग्नाच्या वयाची झाली असणार. दिलेले फोन लागत नव्हते, पत्ता तेवढा होता. घराबाहेर 'रूम मिळेल, घरगुती जेवण' अशी पाटी, आणि ओट्यावर तिची आई सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसलेली.

"रूम हाय, एसी न्हाय," माझी पिशवी बघून काकी म्हणाल्या. "सुरमय खाशील का पापलेट?"

मी हॉस्पिटलचं नाव घेतलं आणि त्यांचा चेहरा पार बदलला. "हितं कोन आजारी न्हाय." आतून काका आले. "मॅडम, हलू बोला. पोरीचं लगीन ठरलंय, मुरुडचं स्थल हाय. तुमी निघा कशा."

मला पाणीसुद्धा विचारलं नाही. उन्हातून आलेली मी, अशी चिडले म्हणता! "मग इतकी वर्षं तपासणीला का नाही आणलंत?" असं विचारलं, तेही थेट सरांच्याच सुरात.

काकी उसळल्या. "तुमच्याच मोठ्या डाक्टरनी सांगितलं! माज्या खांद्यावर हात ठेवला नि म्हनले, आई, पोर बरी झाली, आता हे सगलं इसरून जा. मंग आमी इसरलो. कागूद चुलीत घातले. पोरीला पन न्हाय सांगितलं. छातीवरचा वन हाय ना, तो गरम पेज सांडली त्याचा, असं सांगितलंय तिला."

मी सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. काकींनी तेच त्यांना विचारलं. "तुमीच म्हनले ना, इसरा?"

मग सर म्हणाले, "अहो, धीर द्यायला म्हणतो आम्ही तसं. पद्धत असते ती."

पद्धत! मी फोन कापला. बरं झालं ते समोर नव्हते.

मग दोघांना समजावलं. वाट मोठी करताना तिथली झडप कामातून जाते, रक्त मागे गळत राहतं. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि मग हृदय थकतं. पुढे बाळंतपण आलं तर जिवावर बेतू शकतं. "तिला दम लागतो का?"

काकी पुन्हा सोडे निवडायला लागल्या.

"लागतो," दारातून आवाज आला. मुलगी रिकामी बादली घेऊन उभी होती. "वरच्या रूमला पानी नेताना लागतो."

"तू आत जा गो," काकी म्हणाल्या.

ती हलली नाही. छातीवरच्या वणावरून तिने बोट सरळ खाली नेलं. "आये, पेज कदी एवढी सरल सांडते काय?"

काकींनी तोंडाला पदर लावला. काका समुद्राकडे बघत राहिले. मुलीनेच मला विचारलं, "लग्नाआधी येऊ का नंतर?"

"आधी."

"आनि त्यांनी मोडलं तर?"

तिने बादली खाली ठेवली आणि मुंबईची गाडी किती वाजता आहे ते बापाला विचारलं.

पुढच्याच आठवड्यात तिघं आली. काकांनी मुरुडला खरं सांगून टाकलं होतं. तिकडून ना होकार आला होता, ना नकार. झडप गळत होती. बदलावी लागणार होती. सरांनी स्वतः बघितलं, सगळं नीट समजावून सांगितलं, तेवढं खरं. मग नेहमीच्या सवयीने हसून ते तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले. "बाळ, तू आता काही काळजी करू—"

ती बाजूला सरकली.

"तारीख सांगा," म्हणाली. "नि लिहून द्या."