मातीतला खडा

आमच्या म्हसवडचे कुंभारकाका गालगुंडावर ओली माती थापतात आणि प्रत्येकाला ठसक्यात सांगतात, "चार दिसांत उतरतंय, जा." कानाखाली गाठ आली तेव्हा मीही गेलो. काकांनी गाठीवर अंगठा दाबला आणि हातातली माती परत घमेल्यात टाकली.

"दुखत न्हाई, हालत न्हाई. ह्यो खडा हाय, गड्या. मातीत ऱ्हायला तर मडकं फुटतं. सांगलीला जा."

सांगलीत सुई घालून तपासलं. लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला, क्वचितच होणारा. गाठ काढली, चेहऱ्याची नस वाचली, रेडिएशनचे शेकही झाले.

परतल्यावर काका म्हणाले, "हास बघू."

मी हसलो. चाकावरचं मडकं निरखावं तसे त्यांनी माझे दोन्ही गाल निरखले.

"सारखं हाय. आता उतरलं."