टायर मीच चढवणार

फ्रीगंजातल्या टायरवाल्यानं नवा टायर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मैडम, गाड़ी लेके भैया को भेज देना. फिटिंग का उनको समझा देंगे."

"गाड़ी मैं चलाती हूँ."

तो हसला. "वो तो ठीक है, पर भेजना भैया को ही."

माझं डोकं फिरलं. टायर खांद्याला अडकवला आणि टावर चौकातून तशीच पायी घरी आले. लोक बघत होते. बघोत.

मोटरसायकल बाबांची. ते गेल्यावर गाडीच्या कागदावर माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं नाव लागलं. मला कुणी विचारलं नाही. दादा इंदूरला असतो. गाडी गेली सहा वर्षं मी चालवतेय, मी शिकवते त्या गावाबाहेरच्या शाळेपर्यंत, जिथे बस मनात आलं तर जाते. मागचा टायर झिजून गुळगुळीत झाला हे कळताच दादानं गाडीला गिऱ्हाईक शोधलं. रविवारी त्याला घेऊन येणार होता. मी फोनवर भांडले.

"फालतू जिद्द करू नको," तो म्हणाला. "बाईमाणसाला स्कूटीच बरी. घरी टायर चढवून गाडी चालवून दाखव, कागद तुझ्या नावावर करून देतो, जा!"

त्यानं थट्टा केली होती. मी ती थट्टा समजायला साफ नकार दिला.

शनिवारी सकाळी शेजाऱ्यांकडून टायर उचकटायचे दोन लोखंडी लिव्हर आणि पायपंप मागून आणला. मागचं चाक खोललं, जुना टायर उतरवला. नवा मऊ पडावा म्हणून वैशाखाच्या उन्हात फरशीवर टाकला. आईनं रिठे भिजवून फेस करून दिला. तेल लावू नको, रबर खराब होतं, एवढं तिलाही ठाऊक होतं. टायरची एक कडा रिममध्ये गेली. दुसरी अर्धी गेली, पाऊण गेली आणि शेवटची वीतभर अडून बसली. मी लिव्हर घालून जोर लावला. लिव्हर सटकला, बोटं सोलली. टायर जागचा हलेना. दुपार झाली. रडू आलं, तेही रागाचंच.

आई ओट्यावर बसून बघत होती. बाबा होते तेव्हा संक्रांतीला आळीतल्या बायका तिच्याकडून बांगड्या भरून घ्यायच्या. कितीही जाड हात असो, तिच्या हातून बांगडी फुटत नसे. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "अगं, अडलंय तिथे कशाला मारतेस? बांगडी अडली की आपण हाताची दुसरी बाजू दाबतो ना? समोरून दाब."

मी अडलेल्या जागेच्या बरोबर समोर दोन्ही गुडघे रोवले. तिथली कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरली आणि इकडे वीतभर जागा सैल झाली. लिव्हर लावला, कडा आत गेली. दिवसभराचं भांडण इतक्या मुकाट्यानं संपलं की मला टायरचाच राग आला.

आता हवा. टायर बिनट्यूबचा, पंप मारला की हवा कडेतून फुसफुसत बाहेर. आईनं तिचं जुनं नऊवारी लुगडं आणलं. ते टायरला घेरून बांधलं, गाठीत लाटणं अडकवलं आणि ती पीळ घालत गेली. टायर मधोमध आवळला, कडा रिमला टेकल्या. हवा एकदम आत जावी म्हणून मी व्हॉल्व्हची पिन काढून पंप मारला. हवा धरली तसं लुगडं सोडलं. आणखी पंप. फाट्! एक कडा रिमवर बसली. मग दुसऱ्या बाजूनं फाट्! आई दचकून "अगंबाई" म्हणाली आणि मग आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

रविवारी दादा गिऱ्हाईक घेऊन आला. गाडीला लावलेल्या चाकाभोवती फिरला, वाकला आणि खूश झाला.

"बाण बघ. उलटा चढवलास."

खरंच. टायरवर चाक फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, आणि माझा मागे बघत होता.

"राहू दे," दादा म्हणाला. "ह्यांना किल्ली दिलीय, ते बाहेर बदलून घेतील."

"थांब," मी म्हटलं. तिथेच, दोघांच्या देखत, चाक पुन्हा खोललं, टायर उतरवून फिरवला आणि चढवायला घेतला. दादाला राहवलं नाही. शेवटची वीतभर अडली तेव्हा त्यानं माझ्या हातून लिव्हर घेतला आणि नेमक्या अडल्या जागी सगळं वजन टाकलं. दोनदा सटकला. त्याचा इस्त्रीचा शर्ट रिठ्याच्या फेसानं भरला.

"समोरून दाब रे," आई ओट्यावरून म्हणाली.

त्याला कळेना. मी त्याला बाजूला सारलं, समोर गुडघे रोवले, आणि कडा आत गेली. लुगडं, लाटणं, पंप. दोन्ही फाट् झाले. चाक बसवलं. गिऱ्हाईकानं हातातली किल्ली माझ्यापुढे धरली. मी टावर चौकापर्यंत गेले, टायरवाल्याच्या दुकानासमोर मुद्दाम हॉर्न वाजवला आणि परत आले.

दादा शर्ट पुसत होता. "ठीक आहे," तो म्हणाला, "चालव तू गाडी."

"ती मी सहा वर्षं चालवतेच आहे. कागद काढ."

आईनं घरातून पेन आणून त्याच्या हातात दिलं.