डांबराखालची फळी

आमच्या घरची नाव कन्हान नदीच्या घाटावर चालायची. खापरखेड्याच्या वीजघरात कामाला जाणारी माणसं सकाळी पलीकडे सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. सत्तरच्या सुमारास मी लग्न होऊन त्या घरात गेले, तेव्हा नाव सासऱ्यांच्या हुकमात होती आणि चालवायचा माझा नवरा. माझं माहेर नागपुरात, धरमपेठेच्या मागच्या वस्तीत. तिथं पाणी म्हणजे नळाचं, तेही आलं तर. एवढी मोठी नदी रोज दारात पाहायची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती कधी झालीही नाही.

सरकारचा कायदा होता, की उतारूंची नाव दरवर्षी पावसाआधी तपासून घ्यायची. ती नदीबाहेर ओढायची, पालथी घालायची, साहेब येऊन बूड पाहणार आणि मगच वर्षाचा परवाना देणार. कायदा चांगलाच होता. पण आमच्या घाटावर त्याचं पार लग्नघर करून टाकलेलं. साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार, आणि पाहुणा येणार तर सारवणं आलंच. म्हणून आदल्या दिवशी अख्ख्या बुडाला डांबर फासायचं. ते काळंभोर चकाकलं पाहिजे. जे लाकूड पाहायला साहेब येणार तेच झाकायचं, आणि यात काही लबाडी आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. साहेबाच्याही नाही. तो छडीने दोन ठिकाणी टकटक करायचा, चहा प्यायचा आणि सही ठोकायचा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी डांबर फासायला मीही बसले. मागच्या टोकाला, नावाडी उभा राहतो तिथल्या फळीवर माझा अंगठा टेकला आणि आत गेला. भिजलेल्या भाकरीत जावा तसा. मी पुन्हा दाबून पाहिलं.

"मामाजी, ही फळी नरम लागून राहिली."

सासऱ्यांनी वाकूनही पाहिलं नाही. "डांबर जास्तीचं लाव तिथं. एक साल निघते आरामात."

एक साल! पुराचं पाणी, माणसांनी भरलेली नाव, आणि बरोब्बर त्या फळीवर उभा माझा नवरा. मी डांबर जास्तीचं लावलं. बोलावं तर पावसाळाभर चूल कशावर पेटवायची? न बोलावं तर... पुढचं मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने त्यात पाणी घालून ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब आला. खुर्ची मांडली, हार घातला. मी चहा घेऊन घाटावर गेले तेव्हा त्याची टकटक उरकत आली होती. दोन्ही वेळा छडी पुढच्या टोकाला लागली, जिथलं लाकूड दगडासारखं होतं. त्याने खिशातून पेन काढलं. मी कपबश्या खाली ठेवल्या. पदर पुढे ओढून मी बोलून गेले, "साहेब, मांगच्या फळीले हात लावून पाहा."

सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं जमीन दुभंगावी. साहेबाने चाकू मागवला, डांबर खरवडलं आणि पातं टेकवलं. ते मुठीपर्यंत आत गेलं. त्याचा चेहरा उतरला. आधीच्या सह्या त्याच्याच होत्या ना!

"नियम उघड्या लाकडाचा आहे," तो म्हणाला. "आधी बूड दाखवायचं, डांबर नंतर."

परवाना मिळाला नाही. फळी बदला, मग फेरतपासणी, आणि त्याचा पुढचा दौरा एकदम पावसाळ्यानंतर. नाव घाटावर पालथीच राहिली.

"काहून बोलली वं तू?" सासरे म्हणाले. "साहेबाले दिसत नव्हतं, तं तुलेच काहून दिसलं?" त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. नवरा वीजघरात कोळसा उतरवायला जाऊ लागला. कामावरची माणसं लांबच्या पुलावरून फेरा घालू लागली आणि जाता येता माझा उद्धार करू लागली.

आणि पावसाने त्याच वर्षी दगा दिला. नदी काही चढेना. "एवढ्याशा पान्यातून तं टोपलं बी गेलं असतं," घाटावरच्या बाया मला ऐकवायच्या. मी रोज सकाळी पाणी बघायला जायचे. एकदाच पूर येऊ दे, मनात म्हणायचे, म्हणजे यांची तोंडं बंद होतील. मग स्वतःचीच भीती वाटायची, की कुणाचं घर वाहून जावं असं मागतेय मी? आणि मी चुकलेच असेन तर? उगाच सगळ्यांच्या तोंडचा घास काढला असेल तर? ही धास्ती आधीच्या धास्तीपेक्षा वाईट होती, कारण ती संपायची कधी हेच कळत नव्हतं.

पोळा होऊन गेला. एका दुपारी नवरा घाटावर अंगाचा कोळसा धूत होता. न राहवून मी विचारलं, "मी चुकली का जी?"

तो पाय घासत राहिला. "त्या फळीतून मागच्या सालीच पानी येऊन राहिलं होतं. पुरात मी टाच दाबून उभा राहत होतो तिच्यावर. मानसं उतरेपर्यंत."

"मंग बोलले काहून नाही?"

"बाबाले सांगितलं होतं. बाबा म्हने, पुढच्या साली डांबर जास्तीचं लावू."

"अन् मले?"

"तुले सांगून काय करू वं? घरी बसून भेली असती तू."

म्हणजे आदला अख्खा पावसाळा हा माणूस गळक्या फळीवर टाच रोवून उभा होता, आणि घरी येऊन भाकरीसोबत कांदा मागत होता. मी त्याला तिथेच, बायांच्या देखत, नको नको ते बोलले. तो नुसता हसत होता. बोलता बोलता मी तिथेच चिखलात बसले. त्या दिवसापासून सकाळी पाणी बघायला जाणं मी सोडलं.