सरांचा चुकलेला धडा

कुणी पाया पडायला वाकलं की सर पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे. "नगं रे. तुला मी चुकीचं शिकवलंय," म्हणायचे.

राजारामपुरीत त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला जात होते. सर शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. बेटाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. बाहेरून आलेल्या दर्यावर्दींनी तिथल्या माणसांना नदीतली वाळू धुऊन सोनं काढायला लावलं. ठरलेलं सोनं आणून देईल त्याच्या गळ्यात तांब्याचा बिल्ला. बिल्ला नसेल त्याला शिक्षा. नद्यांत तेवढं सोनं नव्हतंच.

"आणि मी जन्मभर फळ्यावर काय लिहिलं? बेटाचा शोध लागला, सोनं मिळालं. रिकाम्या जागा भरा." हे सांगताना सर माझ्याकडं बघत नसत. परातीतल्या पिठाकडं बघत.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "तुम्ही गेलतासा का तिथं सोनं काढाय? जेवा की गप."

दसऱ्याला आपट्याचं सोनं द्यायला सरांकडं जुन्या विद्यार्थ्यांची रीघ लागे. तुमच्याही ओळखीत असे एखादे सर असतील. एका दसऱ्याला आमच्या सरांनी नवंच काढलं. आधी बसा, बेटाचा धडा पुन्हा ऐका, मगच मी पान घेईन.

एक विद्यार्थी, आता मोठा दुकानदार, म्हणाला, "सर, तवा शिकवल्यालं तरी कुठं ध्यानात हाय आमच्या? सोडा की."

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मलाच ओशाळल्यासारखं झालं, मी स्वयंपाकघरात गेले.

पुढच्या दसऱ्याला फोन पुष्कळ आले, माणसं आली नाहीत. सर इस्त्रीचा सदरा घालून दाराकडं तोंड करून बसले होते. मी घरी निघाले तशी काकूंनी माझ्या हातात पान दिलं आणि डोळ्यांनी खुणावलं.

"आधी बस," सर म्हणाले.

चौथीनंतर मला कुणी धडा विचारला नव्हता. मान वर होईना. तरी तोंडातून निघालं, "सर, आज मी सांगू?"

मी खाली बसले आणि सांगायला लागले.

"बेटावर माणसं आधीपासनंच हुती. सोनं कुणाला सापडलं न्हाय, त्यांच्याकडनं काढून घेतलं. सोन्याच्या आधी माणसंच सरली."

सरांनी मान खाली घातली होती, गृहपाठ न केलेल्या पोरासारखी.

"बिल्ला कशाचा?"

"तांब्याचा."

"बरोबर." आणि त्यांनी पानासाठी दोन्ही हात पुढं केले.

सर माघात गेले. यंदा दसऱ्याला मात्र घर भरून माणसं आली. दुकानदारही आला. तसबिरीपाशी पानांचा ढीग झाला. मला खूप सांगायचं होतं, पण मी दाराआडच उभी राहिले. एकेक जण वाकून नमस्कार करत होता, आणि सरांना पाय ओढून घेता येत नव्हते.