मनगटावरचे आणि पोटावरचे डाग

आमच्याकडे दुखणे ज्या जागी, डागही त्याच जागी. सांधे आखडले तेव्हा धसईच्या एका जाणत्याने मनगटांवर तापवलेल्या बिब्ब्याचे डाग दिले. पुढे शौचातून रक्त जाऊ लागले. किन्हवलीच्या दुसऱ्याने बेंबीभोवती दिले. एकाचे दुसऱ्याला सांगावे, असे मला सुचलेही नाही.

माझी कोंडी झाली होती. आतडे तत्काळ उठायला लावी, गुडघे उठू देत नसत. वेदनाशामक गोळी घेतली की पोट भडके. सोडली की भाताचे रोप बोटांत धरवत नसे. यंदाची आवणी, म्हणजे भाताची लावणी, माझ्या हातांवाचून उरकेल, ही एकच धास्ती होती.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंना मी फक्त हात दाखवले. त्यांनी पोट तपासण्यासाठी सदरा वर करायला सांगितला.

"बाबा, हे डाग कशाचे?"

"त्यांचा हातांशी संबंध नाही."

"अवो, सांगा की," सोबत आलेली पत्नी म्हणाली. "रगत पडतंय, बाई. मला पन बोलले नाय. धोतर धुताना मलाच दिसलं."

बाईंनी शांतपणे सांगितले. शरीराची रक्षणव्यवस्था बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असते. माझी आपल्याच सांध्यांवर चालून जात होती आणि आपल्याच आतड्यावरही. दोन्हीकडे सूज पेटवणारी रसायने बरीचशी तीच. वेदनेच्या गोळीने सांधा क्षणभर गप्प बसे, आतडे मात्र अधिक सोलवटे. गोळी बंद झाली. आतड्याची आणि क्षयाची तपासणी होऊन, सूज पेटवणाऱ्या त्या रसायनांतले एक अडवणारे इंजेक्शन सुरू झाले.

पोट निवले. आवणीच्या सुमारास मूठ वळू लागली. तेव्हा बाईंनी माझ्या टाचांच्या भेगा पाहिल्या. "औषधाने रक्षणही मंदावते, बाबा. या पायांनी चिखलात उतरायचे नाही."

आवणीच्या दिवशी मी बांधावर बसलो. खाचरातून एक शेजारीण ओरडली, "आजोबा, हात बरे झाले म्हनं! मग या की खाली!"

"राहू दे गो," पत्नी वाकल्या वाकल्या म्हणाली. "जन्मभर माझी रांग वाकडी म्हनाले. आज बसून बघू दे, कोनाची वाकडी ती."

रांग सरळ होती.

खाचर दिवस मावळण्यापूर्वीच पुरे झाले. सर्वांनी ओहोळावर हातपाय धुतले. माझ्या हातापायांना धुण्याजोगा चिखलच नव्हता.