थंड मशीनची पाठ

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. त्यामुळे मला जे कळतं ते बघून कळतं. दिल्लीच्या सरकारी कचेरीत मी तीस वर्षं नोकरी केली ती साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून. साहेबाच्या खिडकीत एसी होतं आणि त्याची पाठ व्हरांड्यात, नेमकी माझ्या डोक्यावर. आत साहेब शाल पांघरून फायली बघायचे आणि बाहेर माझा सदरा पिळून काढावा लागायचा. तेव्हाच मला या यंत्राची विद्या समजली. एकाची गरमी उचलायची आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकायची, एवढंच त्याला येतं. कुणाच्या अंगावर, ते माणसं ठरवतात.

रिटायर झालो आणि आर. के. पुरमचं क्वार्टर सोडावं लागलं. मुलानं तोवर नोएडात फ्लॅट घेतला होता, सगळ्यात वरचा मजला. देश नुकताच ‘खुला’ झाला होता असं तो म्हणायचा, आणि त्याला परदेशी कंपनीत नोकरी लागली होती. मे महिन्यातसुद्धा टाय बांधून जायचा. सोसायटीच्या फाटकावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘एन्क्लेव्ह’ लिहिलेलं, आणि फाटकासमोर म्हशी बसलेल्या. म्हशींना ते वाचता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं, म्हणून आमचं बरं जमायचं.

फ्लॅटमध्ये दोन खोल्या, एक हॉल आणि मागे बाल्कनी. एक खोली मुलगा, सून आणि नातीची. दुसरी खोली ‘गेस्ट रूम’. तिथे सोफ्याचा पलंग होणारं एक लाकडी सामान आणि झाकण घालून ठेवलेला कॉम्प्युटर. गेस्ट दोन वर्षांत एकदाही आला नव्हता, पण त्याची खोली रोज पुसली जायची. आणि मागची बाल्कनी ॲल्युमिनियम आणि काच लावून बंद केलेली, ती आमची. सून पाहुण्यांना सांगायची, ‘सनरूम’ आहे. खोटं नव्हतं. सकाळी सहापासून सन आमच्याकडेच राहायला असायचा.

एका जूनमध्ये माझी बायको त्या काचेच्या पेटीत घेरी येऊन पडली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाबा, इनको गर्मी से बचाइए. दूसरी बार शायद न सँभलें.’ मी मान हलवली. घरी येऊन मुलाला एवढंच सांगितलं की डॉक्टरीण बरी आहे, मराठी माणसांशी नीट बोलते.

तुम्ही म्हणाल, सांगायचं ना सरळ! नाही सांगितलं. तोंडानं मागितलेली खोली भाड्याची वाटते. ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं त्याच्याकडे पलंगापुरती जागा मागण्यापेक्षा मी मेलो असतो. पण पाळी माझी नव्हती ना, हिची होती. तिथेच सगळी गोची होती.

पुढल्या एप्रिलात घरात एसीची बोलणी सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्यांनी घेतलं होतं, समोरच्यांनी घेतलं होतं. वीज दिवसातून चार-चार तास जायची, तरी सगळ्यांच्या भिंतीत मशीन. वीज मागाहून येईल, आधी शोभा तर येऊ दे. मुलगा रोज संध्याकाळी चकचकीत कागद घेऊन यायचा आणि सूनबाईला वाचून दाखवायचा. त्याला साधं एसी नको होतं, ‘हॉट अँड कोल्ड’ पाहिजे होतं. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम.

बिल्डरनं बेडरूमच्या भिंतीत मशीनसाठी भोक ठेवलेलं होतं, दोन्ही बाजूंनी फळी ठोकून. त्यांच्या बाजूला फळीवर वॉलपेपर, आमच्या बाजूला हिनं टांगलेलं देवाचं कॅलेंडर. भिंतीपलीकडे आम्ही झोपतो हे मुलाला ठाऊक होतं, आणि भिंतीत भोक आहे हेही ठाऊक होतं. ह्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात खोल्या फार असतात.

रविवारी सगळे गाडीत बसून लाजपत नगरला गेलो. पहिल्या दुकानात दुकानदार म्हणाला, डेढ टन लागेल. ही माझ्या कानाला लागली, ‘अहो, भिंत धरेल का?’ दुकानदाराला मराठी कळलं नाही, पण मुलाला कळलं. तो म्हणाला, ‘आई, टन म्हणजे वजन नाही गं.’

‘मग टन का म्हणतात?’ मी विचारलं.

‘बाबा, तुम्हाला नाही कळायचं.’

त्यालाही ठाऊक नव्हतं. मी दुकानदाराकडे वळलो. ‘भाईसाब, इसके पीछे से क्या निकलता है?’

‘गरम हवा, अंकल जी. वो तो बाहर जाती है.’

‘बाहर मतलब किधर?’

‘बाहर मतलब बाहर!’

दुसऱ्या दुकानात मी हेच विचारलं. तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, ‘बाबा, तुम्ही गाडीत बसता का? एसी लावून देतो.’ मी म्हटलं, ‘पाय मोकळे करतोय,’ आणि त्याच्या आधी आत शिरलो.

हे तिसरं दुकान मोठं होतं, शोरूम म्हणायचं. लाकडी पार्टिशनमध्ये एक मशीन चालू करून ठेवलेलं, म्हणजे गिऱ्हाइकानं समोर उभं राहावं, डोळे मिटावेत आणि पाकीट काढावं. मुलगा, सून, नात तिघं समोर उभे राहिले. सेल्समन कोवळा, केसाला तेल, गळ्यात टाय. टायवाला टायवाल्याशी इंग्रजीत बोलायला लागला. मध्येच हिंदीत आला तेव्हा मला कळलं की हिवाळ्यात हे मशीन उलटं चालतं: गरमी आत, थंडी बाहेर.

‘मतलब,’ मी म्हटलं, ‘गर्मी में पीछे गरम, और जाड़े में पीछे ठंडा?’

‘बिल्कुल सही! देखिए, अंकल जी तो फ़ौरन समझ गए.’

‘और पीछे कोई रहता हो तो?’

तो मनापासून हसला. ‘पीछे कौन रहेगा अंकल जी? कबूतर रहते हैं.’

मुलगाही हसला. ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘ऐकलंत? कबुतरं म्हणे. दाणे टाकायला सांगा.’ आणि पदर खोचून ती सरळ पार्टिशनच्या मागे गेली. मला वाटलं रागावून गेली. थोड्या वेळानं तिची हाक आली, ‘सूनबाई, जरा इकडे ये गं. मला धर.’

सून धावली. तिला वाटलं, पुन्हा घेरी. मी गेलो तर ही ठणठणीत उभी, सुनेचा हात घट्ट धरून तिला मशीनच्या पाठीशी उभं केलेलं.

‘आई, चला ना, किती गरम आहे इथे! भट्टी आहे नुसती.’

‘हो ना. थांब जरा. मला सांग, आपल्याकडे ही बाजू कुठे येईल गं?’

सून बोटानं हवेत भिंत काढायला लागली. इकडे पलंग, इकडे कपाट, इकडे खिडकी... मध्येच बोट थांबलं. ‘अगंबाई. कॅलेंडर!’ ती म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारली.

मुलगा आला आणि त्यालाही समजलं, कारण समजायला आता शिक्षण लागत नव्हतं, नुसतं तिथे उभं राहावं लागत होतं. तो घाम पुसत म्हणाला, दोन तुकड्यांचं येतं, त्याचा गरम भाग गच्चीवर ठेवता येतो. सेल्समननं उडी मारून त्याची किंमत सांगितली. जवळजवळ दुप्पट. मुलाचा चेहरा बघून सेल्समन म्हणाला, ‘इन्स्टॉलमेंट है ना सर!’ पण घराचे, गाडीचे आणि त्याच्या टायचेसुद्धा हप्तेच चालले होते.

‘त्यापेक्षा सोपं आहे,’ सून म्हणाली. ‘आई-बाबा गेस्ट रूममध्ये. कॉम्प्युटर बाल्कनीत ठेवू.’

मुलगा पटकन म्हणाला, ‘वेडी आहेस का? खराब होईल तो तिथे. त्याला गरमी चालत नाही.’

मशीन घुंघुं करत होतं. सेल्समनला मराठी येत नव्हतं, पण तोही छताकडे बघायला लागला. मला जन्मात पहिल्यांदा काहीच बोलावंसं वाटलं नाही, इतकं मुलानं एकट्यानं बोलून टाकलं होतं.

ही म्हणाली, ‘असू दे रे. त्याची वॉरंटी असेल, त्याला जपायला हवं.’

मुलाचे कान लाल झाले. लहानपणीही तसेच व्हायचे. तो म्हणाला, ‘कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवू,’ आणि खिडकीचंच मशीन द्या म्हणून सांगून टाकलं, भाव न करताच. तेव्हा मात्र मी पुढे झालो. घरातला मामला मिटला म्हणून दुकानदाराला कशाला सोडायचं? मी सेल्समनला म्हटलं, ‘बेटा, अब कबूतर से बात करो. दाम बोलो.’ किंमत थोडी उतरली आणि स्टॅबिलायझर फुकट आला.

मशीन यायच्या आधीच आमची खाट गेस्ट रूममध्ये गेली. मुलानं एकट्यानं उचलली, मला हात लावू दिला नाही. दारात अडकली. मी म्हटलं, ‘उभी धर.’ तो म्हणाला, ‘माहीत आहे, बाबा.’ माहीत नव्हतं. पुन्हा दोनदा अडकली, मग उभी धरली. मी त्याला आभाराचा शब्द बोललो नाही, त्यानंही माफीचा काढला नाही. आमच्या घरात ते सामान नाही.

हिनं खोली पाहिली. सावली आहे, पंखा आहे, एवढं बघितलं आणि दाराकडे गेली. आतल्या बाजूला कडी होती. काचेच्या खोलीत कपडे वाळत घालायला येणाऱ्या-जाणाऱ्याचा रस्ता होता, तिथे कडी कसली? हिनं कडी लावली, काढली, पुन्हा लावली आणि भर दुपारी आडवी झाली. मी खुर्चीत बसून पंख्याखाली गार होत होतो. चहाच्या वेळी सुनेनं दार वाजवलं. ही जागीच होती. उठली नाही, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि साहेबासारख्या आवाजात म्हणाली,

‘कोण आहे?’